कोमीऽ की कोमीऽआ? स्पॅनिशचा भूतकाळ आणि स्वरांवरच्या रेघा

मोर्शी तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे. मोबाईलवर शिकत शिकत त्यांनी स्पॅनिशचा वर्तमानकाळ पक्का केला, आता भूतकाळापाशी गाडी अडली आहे. त्यांचे प्रश्न दोन. 'कोमी' म्हणजेही 'खाल्लं' आणि 'कोमीआ' म्हणजेही 'खाल्लं', मग कुठे कोणतं घ्यायचं? आणि स्वरांच्या डोक्यावरच्या तिरक्या रेघा दिल्याच पाहिजेत का? स्पॅनिश बोलणारी माणसं तर चॅटवर त्या देत नाहीत. सोबत त्यांनी पोळ्यावर स्पॅनिशमध्ये लिहिलेला एक छोटा परिच्छेद दिला आहे. त्याचा आशय असा: 'लहान होते तेव्हा पोळ्याला आम्ही नेहमी मामाच्या गावी जायचो. मामाकडे दोन बैल होते. एका वर्षी खूप पाऊस आला, नदीला पूर होता, आणि आम्हाला जाता आलं नाही.'

परिच्छेदात आठ चुका आहेत, चार काळाच्या आणि चार रेघेच्या. घाबरण्यासारखं काही नाही. काळाच्या चारही चुका एकाच सवयीतून आल्या आहेत: आधी मराठी वाक्य, मग त्याचं मनातल्या मनात इंग्रजी, आणि मग स्पॅनिश. ॲपमध्ये शब्दांचे अर्थ इंग्रजीत असतात, त्यामुळे ही सवय लागतेच. पण इंग्रजीचा साधा भूतकाळ 'काल गेलो' आणि 'रोज जायचो' या दोन्हींना एकच शब्द वापरतो. मराठी तसं करत नाही, स्पॅनिशही नाही. म्हणजे ज्या फरकासाठी तुम्ही डोकं फोडताय तो तुमच्या बोलण्यात आधीपासून आहे. मधलं इंग्रजीचं स्टेशन गाळा.

पुढे जाण्याआधी एक खूण ठरवू. स्पॅनिश शब्द मी देवनागरीत देतोय, कारण हा निम्मा विषय कानाचा आहे. आवाजाचा जोर ज्या अक्षरावर पडतो त्याच्यापुढे अवग्रह (ऽ) देईन. ही खूण जोराची आहे, लिहिण्यातल्या रेघेची नाही. रेघ कुठे द्यायची ते वेगळं सांगेन. उच्चार लॅटिन अमेरिकेतले धरले आहेत.

आता काळ. पहिला भूतकाळ झालेल्या, आटोपलेल्या गोष्टीचा: कोमीऽ, जेवलो. दुसरा तेव्हा चालू असलेल्या, नेहमी घडणाऱ्या किंवा नुसत्या असलेल्या गोष्टीचा: कोमीऽआ, म्हणजे जेवत होतो किंवा जेवायचो. मराठी क्रियापदाला 'यचो, यची, यचे' लागत असेल तर डोळे मिटून दुसरा घ्या. तुमच्या परिच्छेदात 'जायचो'साठी तुम्ही फ्वीऽमोस लिहिलंय. ते 'गेलो' झालं, एकदाच. तिथे इऽबामोस हवं. 'लहान होते' हे त्या काळातल्या स्थितीचं वर्णन आहे, म्हणून तिथे फ्वी नाही, एऽरा. 'मामाकडे दोन बैल होते' हीसुद्धा स्थितीच. तुमचं तूऽबो तिथे बसत नाही, तेनीऽआ हवं. तूऽबो म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, काहीतरी घडलं. 'तूऽबो उन ईऽखो' म्हणजे त्याला मुलगा झाला, 'तेनीऽआ उन ईऽखो' म्हणजे त्याला एक मुलगा होता.

काही क्रियापदांचा अर्थच काळाबरोबर बदलतो, आणि इंग्रजीतून शिकणारे तिथे पाठांतर करत बसतात. मराठी माणसाला पाठांतराची गरज नाही, कारण आपल्याकडे या अर्थांना वेगळे शब्द आहेत:

साबीऽआ म्हणजे माहीत होतं, सूऽपे म्हणजे कळलं.
कोनोसीऽआ म्हणजे ओळखत होतो, कोनोसीऽ म्हणजे ओळख झाली.
पोदीऽआ म्हणजे करू शकत होतो, पूऽदे म्हणजे जमलं.
नो केरीऽआ म्हणजे नको होतं, नो कीऽसे म्हणजे नाही म्हटलं.
तेनीऽआ के म्हणजे करायचं होतं, तूऽबे के म्हणजे करावं लागलं.

शेवटची जोडी नीट पाहा. 'बँकेत जायचं होतं' म्हटलं तर गेलो की नाही हे ऐकणाऱ्याला कळत नाही. 'बँकेत जावं लागलं' म्हटलं तर गेलोच. स्पॅनिशमध्ये तेनीऽआ आणि तूऽबे यांच्यात नेमकं एवढंच अंतर आहे. तुमची काळाची चौथी चूकही इथेच निघते. 'जाता आलं नाही' ही त्या वर्षीची आटोपलेली गोष्ट आहे, म्हणून पोदीऽआमोस नाही, पुदीऽमोस.

मराठीवर भरवसा ठेवा म्हणालो, पण चार ठिकाणी मराठीही फसवते.

एक, मोजलेला कालावधी. आपण सहज म्हणतो, 'मी दहा वर्षं नागपुरात राहत होतो.' 'राहत होतो' दिसलं म्हणून बीबीऽआ लिहाल तर चुकाल. दहा वर्षं मोजून झाली, दोन्ही टोकांना कुंपण पडलं, म्हणून बीबीऽ. कालावधी किती लांब होता याला महत्त्व नाही, तो बंद झालेला दाखवायचा आहे का, याला आहे. 'तेव्हा मी नागपुरात राहत होतो आणि एक दिवस...' असं सांगत असाल तर मात्र बीबीऽआच.

दोन, 'गेलो होतो'. आपल्याकडे कालचीच गोष्ट 'काल अमरावतीला गेलो होतो' अशी सांगतात. त्याचं शब्दाला शब्द भाषांतर आबीऽआ ईऽदो होतं, आणि ते ऐकून स्पॅनिश माणूस पुढच्या वाक्याची वाट पाहत बसतो: कशाच्या आधी गेला होतास? त्यांना साधं 'आयेऽर फ्वी' पुरतं. आबीऽआ वालं रूप तेव्हाच, जेव्हा भूतकाळातल्या एका गोष्टीच्याही आधीची गोष्ट सांगायची असते: बस आली तोवर आम्ही घरी पोचलो होतो.

तीन, हा खास आपल्या विदर्भाचा. 'काय करून राहिला?' 'जेवून राहिलो ना.' यातलं 'राहिलो' दिसायला भूतकाळ, पण जेवण आत्ता चालू आहे. तिथे वर्तमानकाळच घ्या: एस्तोऽई कोम्येऽन्दो. 'जेवून राहिलो होतो' असेल तरच एस्ताऽबा कोम्येऽन्दो किंवा नुसतं कोमीऽआ. तसंच कोणी हाक मारली की आपण 'आलो, आलो' म्हणतो आणि जागचे हलतही नाही. तिथे स्पॅनिशमध्ये भूतकाळ टाकू नका, ते लोक 'या बोऽई', म्हणजे निघालोच, असं वर्तमानात म्हणतात.

चार, लिंग. 'संत्रं खाल्लं', 'पोळी खाल्ली', 'आंबा खाल्ला' असं आपलं क्रियापद वस्तूबरोबर वळतं. स्पॅनिशमध्ये तिन्हीला कोमीऽ. क्रियापद खाणाऱ्याशी जुळतं, खाल्लेल्या वस्तूशी नाही. आणि 'गेलो' की 'गेले' हाही प्रश्न नाही, पुरुष म्हणो की बाई, फ्वी.

'होतं'चा निर्णय मात्र परिस्थितीवर आहे आणि तिथे कोणी ठाम नियम देत असेल तर सावध राहा. 'पेपर सोपा होता' हे एऽरा घेऊनही बरोबर आणि फ्वे घेऊनही बरोबर. पेपर देऊन बाहेर आलात आणि निकाल सांगताय, तर फ्वे. पेपर हातात होता त्या वेळचं चित्र रंगवताय, तर एऽरा. पुस्तकात 'आयेऽर' म्हणजे काल आलं की पहिला काळ आणि 'स्येऽम्प्रे' म्हणजे नेहमी आलं की दुसरा, अशी यादी दिलेली असते. ती सुरुवातीला काठीसारखी वापरा, पण 'तो नेहमीच माझा मित्र राहिला' या वाक्यात स्येऽम्प्रे असूनही फ्वे येतं, कारण तो साऱ्या काळावरचा निवाडा आहे.

तसंच 'जेवलो आहे' या अर्थाचं ए कोमीऽदो. स्पेनच्या बऱ्याच भागात आज घडलेल्या गोष्टीला हेच वापरतात. लॅटिन अमेरिकेत बहुतेक ठिकाणी आजच्या गोष्टीलाही साधं कोमीऽ चालतं. तुमची परीक्षा आणि तुमचे शिक्षक कुठल्या बाजूचे ते पाहा आणि एका पेपरात दोन्हींची मिसळ करू नका.

आता रेघा. त्या द्याव्याच लागतात, आणि कारण शोभेचं नाही. 'आऽब्लो' म्हणजे मी बोलतो. 'आब्लोऽ' म्हणजे तो बोलला. अक्षरं तीच, सुरुवातीचा मूक एचसुद्धा तोच, फरक फक्त शेवटच्या ओवरच्या रेघेचा. रेघ गाळली की माणूसही बदलला आणि काळही. 'दिन' आणि 'दीन' यांतला ऱ्हस्व-दीर्घ चुकला की मराठीचे सर गुण कापायचे ना, त्यातलाच प्रकार. चॅटवर स्पॅनिश माणूस रेघ गाळतो, कारण आधीच्या दहा संदेशांवरून समोरच्याला अर्थ लागतो. तपासनिसाकडे ते दहा संदेश नसतात.

नियम तीनच आहेत. शब्द स्वराने किंवा एन, एस या अक्षरांनी संपत असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अवयवावर (अवयव म्हणजे एका दमात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा, सिलेबल) असतो, इतर अक्षरांनी संपत असेल तर शेवटच्या अवयवावर. उच्चार याप्रमाणे असेल तर रेघ नाही, याविरुद्ध असेल तर जोराच्या स्वरावर रेघ. जोर शेवटून तिसऱ्या अवयवावर गेला की रेघ नक्कीच. आणि तिसरा नियम: ई किंवा ऊ हा हलका स्वर आ, ए, ओ या भारी स्वराला चिकटून आहे, पण जोर त्या हलक्यावर आहे, तर त्याच्यावर रेघ, मग पहिला नियम काहीही म्हणो.

आता हे भूतकाळाला लावा. आब्लोऽ स्वराने संपतो, पण जोर शेवटी, म्हणून रेघ. आब्लाऽरोन, म्हणजे ते बोलले, एनने संपतो आणि जोर शेवटून दुसऱ्यावर, म्हणून रेघ नाही. आब्लाऽबामोस, आम्ही बोलायचो, जोर तिसऱ्यावर, म्हणून रेघ. कोमीऽआ मध्ये हलका ई भारी आला चिकटलेला आणि जोर ईवर, म्हणून रेघ. थोडक्यात, नियमित क्रियापदांच्या पहिल्या भूतकाळात सहा रूपांपैकी फक्त दोनांवर रेघ: 'मी' आणि 'तो/ती'. दुसऱ्या भूतकाळात 'आर'ने संपणाऱ्या क्रियापदांच्या सहापैकी एकावर, 'आम्ही'च्या. 'एर' आणि 'ईर'वाल्यांच्या सहाच्या सहांवर. हे आकडे लक्षात ठेवले तर लिहून झाल्यावर तपासणं सोपं जातं.

सगळ्यात जास्त चुका इथे होतात: मी आणि तो यांच्यावर रेघ असते हे एकदा डोक्यात बसलं की विद्यार्थी अनियमित क्रियापदांवरही रेघा ओढत सुटतात. तूऽबो, ईऽसो, दीऽखो, पूऽसो, बीऽनो, यांतल्या एकावरही रेघ नाही. कारण त्यांत जोर शेवटी नाहीच, मुळावर आहे. मोठ्याने म्हणून पाहा. 'तूऽबो' म्हणताना आवाज पहिल्या अक्षरावर चढतो. मग रेघ कशासाठी?

दुसरा गट एका अवयवाच्या शब्दांचा: फ्वी, फ्वे, दी, द्यो, बी, ब्यो. गेलो, गेला, दिलं, दिलं त्यानं, पाहिलं, पाहिलं त्यानं. यांवरही रेघ नाही, कारण अवयव एकच, जोर दुसरीकडे जाणार कुठे? जुन्या पुस्तकात मात्र फ्वे आणि द्यो यांच्यावर रेघ दिसेल. स्पॅनिश भाषेच्या अकादमीने 1952 मध्ये नवे नियम काढले आणि 1959 पासून ते लागू झाले, तेव्हा ती रेघ गेली. रद्दीतून किंवा स्कॅन केलेली जुनी पुस्तकं वाचत असाल तर त्यांच्या रेघा जशाच्या तशा उतरवू नका.

आता तुमची सर्वांत मजेदार चूक. 'नदी' या शब्दावर तुम्ही रेघ दिली नाही. रीऽओ, ईवर रेघ, म्हणजे नदी. रेघ काढली की उरतो तो 'र्‍यो', म्हणजे 'तो हसला'. हाही भूतकाळच! अकादमीच्या 2010 च्या शुद्धलेखनापासून 'हसला' हा शब्द बिनरेघेचा लिहितात, एका अवयवाचा धरून. त्यामुळे पूर आलेली तुमची नदी सध्या हसून राहिली आहे. 'मामा' म्हणजे तीऽओ, त्यालाही तोच तिसरा नियम, ईवर रेघ. 'पाऊस आला' म्हणजे योब्योऽ, शेवटच्या ओवर रेघ.

आणि जिथे नको तिथे तुम्ही एक रेघ दिली आहे: पहिल्याच शब्दावर. क्वान्दो म्हणजे 'केव्हा?' असा प्रश्न असेल तर आवर रेघ. 'लहान होते तेव्हा' यातला जोडणारा 'जेव्हा' असेल तर रेघ नाही. के, कोमो, दोन्दे यांचंही तसंच: विचारताना रेघ, जोडताना नाही. भूतकाळातल्या बहुतेक आठवणी 'जेव्हा'ने सुरू होतात, म्हणून ही चूक पहिल्याच ओळीत येते आणि तपासणाऱ्याचा हात तिथूनच लाल होतो.

स्पेलिंगचे तीन बारीक मुद्दे पटकन सांगतो. बुस्काऽर, पागाऽर, एम्पेसाऽर अशा क्रियापदांच्या फक्त 'मी'च्या रूपात अक्षर बदलतं: सीच्या जागी क्यू-यू, जीच्या पुढे यू, झेडच्या जागी सी. उच्चार मुळातलाच राहावा म्हणून. बुस्केऽ, पागेऽ, एम्पेसेऽ, आणि शेवटच्या एवर रेघ आहेच. पेदीऽर आणि दोर्मीऽर यांच्या 'तो' आणि 'ते' रूपांत मूळ स्वर बदलतो: पिद्योऽ, दुर्म्योऽ. आणि 'ते म्हणाले' हे दिखेऽरोन, मध्ये ई घुसवून दिख्येऽरोन करू नका.

रेघ हाताने काढताना खालून डावीकडून वर उजवीकडे चढती काढा. उलटी, उतरती रेघ फ्रेंचमध्ये असते, स्पॅनिशमध्ये नाही. मोठ्या अक्षरांवरही रेघ द्यायची. एनवरची लाट ही रेघ नव्हे, ते स्वतंत्र अक्षर आहे. 'मी वीस वर्षांची आहे' लिहिताना आऽन्योस मधली लाट विसरलात तर वर्षांऐवजी शरीराचा नको तो भाग निघतो, आणि तोही वीस वेळा.

मोबाईलवर स्वर दाबून धरला की रेघवाली अक्षरं वर येतात. त्यापेक्षा कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीसोबत स्पॅनिश भाषा जोडून घ्या. पण आपोआप दुरुस्तीवर विसंबू नका: आऽब्लो आणि आब्लोऽ दोन्ही खरे शब्द आहेत, यंत्राला त्यात चूक दिसतच नाही. विंडोजच्या संगणकावर नमलॉक चालू करून, ऑल्ट दाबून ठेवून उजवीकडच्या आकड्यांवर टाइप करा: रेघवाला आ 160, ए 130, ई 161, ओ 162, ऊ 163, आणि लाटेचा एन 164. वरच्या ओळीतल्या आकड्यांनी हे होत नाही, त्यामुळे आकड्यांचा पॅड नसलेल्या लॅपटॉपवर सेटिंगमध्ये स्पॅनिश कीबोर्ड जोडणं सोयीचं.

सरावाला एकच काम करा. तुमचा परिच्छेद लिहून झाला की प्रत्येक भूतकाळी क्रियापदाखाली पेन्सिलीने रेघ मारा, शेजारी त्याचं मराठी रूप लिहा, 'जायचो', 'होते', 'आला', 'जाता आलं नाही' असं, आणि मग ते स्पॅनिश क्रियापद मोठ्याने म्हणा. मराठी रूप काळ सांगेल, आवाज रेघ सांगेल. तुमचा परिच्छेद या पद्धतीने असा होतो:

क्वान्दो एऽरा नीन्या, एन पोळा स्येम्प्रे इऽबामोस आल प्वेब्लो दे मी तीऽओ. मी तीऽओ तेनीऽआ दोस ब्वेयेस. उन आन्यो योब्योऽ मूचो, एल रीऽओ एस्ताऽबा क्रेसीदो, ई नो पुदीऽमोस ईर.

रेघा सहा: इबामोसच्या पहिल्या ईवर, दोन्ही तीओंच्या ईवर, तेनीआच्या ईवर, योब्योच्या शेवटच्या ओवर, रीओच्या ईवर. तुमच्या जुन्या सवयीची एक रेघ उरते, पहिल्या क्वान्दोवर. ती देऊ नका. 'पूर होता'साठी एस्ताऽबा तुम्ही आधीच बरोबर घेतलं होतं, तिथे हात लावायची गरज पडली नाही. फक्त पोळा म्हणजे काय हे स्पॅनिश तपासनिसाला कळणार नाही, म्हणून त्याच्यापुढे 'ला फ्येस्ता दे लोस ब्वेयेस', बैलांचा सण, एवढे शब्द स्वल्पविरामात टाका.